गोंगाटांतील नाद

संगीताचा विषय निघाला कीं आपल्यासारख्या घरांतून पहिल्यानें तंबोऱ्याची आठवण होते. त्याच्या मागोमाग पेटी, तबला, देवघरांतील टाळ आणि फार तर सनई. यांपलीकडे जगांत जें जें कांहीं वाजतें, त्या सर्वांस आपण 'गोंगाट' हें एकच नांव देऊन मोकळे होतों. आगगाडीचा खडखडाट, गिरणीचा भोंगा, लोहाराचा घण, पत्र्यावर कोसळणारा पाऊस, हे सारे त्या एकाच पोत्यांत. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत युरोपांतील कांहीं मंडळींनीं हें पोतें उघडलें, त्यांतील एकेक जिन्नस बाहेर काढून पारखिला आणि त्यापासून एक निराळेंच संगीत उभें केलें. त्यास कोणी ध्वनिप्रयोग म्हणतात, कोणी इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात, आणि त्याच्या एका उग्र शाखेस 'औद्योगिक संगीत' असें नांव आहे. मी या संगीताचा चाहता आहें.

सदुसष्ट वर्षांचा, मॅट्रिकच्या पुढें न गेलेला, पाठशाळेंत कौमुदी घोकलेला आणि जन्मभर मुलांना विभक्ति व समास शिकविलेला मास्तर असल्या नादीं लागला, हें वाचून वाचकांच्या भुवया वर चढल्या तर नवल नाहीं. आमच्या घरांतल्या तर केव्हांच्याच चढून बसल्या आहेत. 'नाद' या शब्दाचे मराठींत जे दोन अर्थ आहेत ते दोन्ही भावोजींना लागू पडतात, असें आमच्या वहिनी म्हणतात. तो नाद लागण्यास कारण झाला मोतीबिंदु. डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पंधरा दिवस माझ्या हातीं पुस्तक पडूं द्यावयाचें नाहीं, असें घरच्या मंडळींनीं ठरविलें. डॉक्टरांचा नियम एवढा कडक नव्हता, घरच्यांचा होता. तेव्हां विद्युत्-शास्त्राचा अभ्यास केलेला माझा पुतण्या एक श्रवणयंत्र आणून देता झाला आणि म्हणाला, "काका, कीर्तनें आणि नाट्यगीतें तुम्हांला पाठ आहेत. हें ऐका. हें तुम्हीं ऐकलेलें नाहीं." त्याच्या स्वभावांत थोडी खोडी आहे. काकांची गंमत पाहावी एवढाच त्याचा हेतु असावा. परंतु पंधरा दिवस संपले तरी यंत्र मीं परत केलें नाहीं.

या विद्येचा आद्य पुरुष व्यवसायानें संगीतकार नव्हता, चित्रकार होता. लुईजी रुस्सोलो या इटालियन गृहस्थानें ११ मार्च १९१३ रोजीं आपल्या एका संगीतकार मित्रास पत्ररूपानें एक जाहीरनामा लिहिला. त्याचा मथळाच 'गोंगाटाची कला' असा होता. प्राचीन काळीं जग शांत होतें. यंत्रें आलीं आणि गोंगाट जन्मास आला. आतां मनुष्याच्या कानानें या नव्या ध्वनींचें वैभव ओळखलें पाहिजे, असें त्याचें प्रतिपादन. मला सर्वांत कौतुक वाटलें तें त्यानें केलेल्या वर्गीकरणाचें. गडगडाट व स्फोट यांचा एक वर्ग, शिट्ट्या व फूत्कार यांचा दुसरा, कुजबूज व खळखळ यांचा तिसरा, कर्कश घर्षणाचे ध्वनि चौथा, धातु, लांकूड, कातडें इत्यादिकांवरील आघात पांचवा, आणि प्राण्यांचे व मनुष्यांचे आवाज सहावा. आपल्या शिक्षाग्रंथांत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णांची वांटणी लहानपणीं पाठ केलेल्या माणसास हें वाचून आपल्या घरीं आल्यासारखें वाटलें. जो गोंगाटास नांवें ठेवीत नाहीं, तर गोंगाटाला नांवें देतो, त्यास उथळ कसें म्हणावें? रुस्सोलोनें नुसता जाहीरनामा लिहिला नाहीं. मोठमोठ्या पेट्या आणि कर्णे बनवून त्यांतून हे ध्वनि कमीजास्त उंचीवर काढण्याचीं यंत्रें तयार केलीं. २१ एप्रिल १९१४ रोजीं मिलान शहरीं त्यांचा जाहीर प्रयोग झाला, आणि तो श्रोत्यांच्या दंगलींत बुडाला. तीं मूळ यंत्रें आज राहिलेलीं नाहींत. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत तीं नष्ट झालीं.

त्यानंतर आठच वर्षांनीं, ७ नोव्हेंबर १९२२ रोजीं, कास्पियन समुद्राच्या कांठीं बाकू शहरांत आर्सेनी अव्रामोव्ह यानें याहून अचाट कृत्य केलें. त्यानें सारें शहर हेंच वाद्य केलें. कारखान्यांचे भोंगे, आरमारांतील गलबतांचे कर्णे, आगगाडीच्या शिट्ट्या, तोफा आणि हजारों कंठ यांची एक 'भोंग्यांची सिंफनी' त्यानें रचिली आणि ती शहरभर वाजविली. ज्या भोंग्यानें कामगारास रोज पहाटे हांकून न्यावयाचें, तोच भोंगा एक दिवस कामगारांच्या उत्सवांत गाऊं लागला. या कल्पनेंतील थोरवी मला प्रथम वाचतांच जाणवली. पुढें आमच्या घरांतच या भोंग्याचा विषय निघाला. तें ओघानें येईलच.

परंतु माझें खरें दैवत म्हणजे पिएर शेफेर. हा फ्रेंच नभोवाणीवरील यंत्रज्ञ. १९४८ सालीं त्यानें पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर जाऊन आगगाडीच्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले आणि ते कापून, जोडून, पुन्हां पुन्हां फिरवून जेमतेम तीन मिनिटांची एक रचना केली. त्या वर्षीं ५ ऑक्टोबरला ती फ्रेंच नभोवाणीवरून ऐकविण्यांत आली. कार्यक्रमाचें नांव होतें 'गोंगाटांचा जलसा'. ध्वनिफीत त्या वेळीं त्याच्या हातीं आली नव्हती. तबकडीवरील खांच पुढें सरकूं न देतां स्वतःशींच वर्तुळाकार मिळविली कीं एकच तुकडा अखंड फिरत राही. इंजिनाचा एक फुसकारा एकदां ऐकला तर तो इंजिनाचा असतो. दहा वेळां ऐकला कीं इंजिन मनांतून निघून जातें आणि नुसता ध्वनि उरतो. त्याचा खरखरीतपणा, त्याचें फुगणें, त्याचें विरणें दिसूं लागतें. जपाच्या माळेवर एकच नाम फिरवितांना शब्दाचा अर्थ मागें पडून त्याचा नाद पुढें येतो, हा अनुभव ज्यास आहे त्याला हें समजावून सांगावयास नको.

शेफेरनें आणखी एक प्रयोग केला, आणि त्यानें मला कायमचें जिंकलें. त्यानें घंटेचा आवाज मुद्रित केला आणि त्यांतील आघाताचा, म्हणजे टोल्याचा, क्षण कापून टाकला. मागें उरला केवळ झंकार. ती घंटा आहे हें कोणासही ओळखूं येईना. कोणी म्हणावें बांसरी, कोणी म्हणावें आणखी कांहीं. आतां पाहा, नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनाचार्यांनीं काव्याचा आत्मा ध्वनि होय असें सांगितलें, आणि वाच्यार्थामागून उमटणाऱ्या व्यंग्यार्थाला त्यांनीं अनुस्वानाची, घंटेच्या टोल्यामागून रेंगाळणाऱ्या झंकाराची उपमा दिली. टोला पडतो तो वाच्यार्थ. घुमत राहतो तो ध्वनि. आचार्यांनीं हें शब्दांविषयीं सांगितलें. हजार वर्षांनीं एका फ्रेंच यंत्रज्ञानें टोला खरोखरीच कापून काढला आणि घुमणें तेवढें हातीं ठेविलें. एकास दुसऱ्याची वार्ता होती असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. 'सारें आमच्याकडे होतेंच' असें म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. दोन दूरच्या माणसांचे कान एकाच जागीं थबकले, एवढेंच माझें म्हणणें. आपल्या देवगिरीस यादवांच्या आश्रयानें राहिलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यांत नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद केले आहेत. योग्यांचा अनाहत नाद निराळा. त्याच्याशीं यंत्राची गांठ घालणें हा उद्धटपणा होईल. तथापि आघात काढून टाकलेली ती घंटा ऐकतांना तो शब्द मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आमच्या भगिनीवर्गास ठाऊक असावी अशी एक बाई या कथेंत आहे. डीलिया डर्बिशर हिचा जन्म १९३७ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं झाला. १९४० सालीं त्या शहरावर जर्मन विमानांनीं भयंकर बाँबवर्षाव केला. हल्ल्याची सूचना देणारा भोंगा आणि धोका टळल्याचा भोंगा, हेंच आपण लहानपणीं ऐकलेलें इलेक्ट्रॉनिक संगीत होय, असें ती पुढें सांगत असे. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकून १९५९ सालीं ती एका ध्वनिमुद्रण कंपनीकडे नोकरी मागावयास गेली, तेव्हां आम्हीं मुद्रणालयांत बायका ठेवीत नाहीं असें तिला उत्तर मिळालें. मग ती बी.बी.सी.त शिरली आणि १९६२ सालीं तेथील ध्वनिप्रयोगशाळेंत गेली. ती शाळा १९५८ सालीं निघण्यामागेंही डॅफ्नी ओरॅम नांवाच्या बाईचाच मोठा हात होता. १९६३ सालीं 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणीवरील कथामालेचें नांदीसंगीत डर्बिशरनें सिद्ध केलें. स्वररचना रॉन ग्रेनर याची. परंतु त्यांतील एकही स्वर कोणीं वाद्यावर वाजविलेला नाहीं. एक तार छेडून तिचा आवाज मुद्रित करावा, फितीची गति कमीजास्त करून त्यापासून निरनिराळे स्वर काढावे, दोलकयंत्रांतून निघालेले ध्वनि मिसळावे, प्रत्येक स्वराची फीत मोजून पात्यानें कापावी आणि तुकड्यास तुकडा जोडावा. गोधडी शिवणाऱ्या बाईनें हें काम ऐकलें तर तिला तें परकें वाटणार नाहीं. ग्रेनर यानें ऐकून आपल्या मानधनांत तिला वांटा द्यावा अशी इच्छा दर्शविली. परंतु संस्थेच्या नियमांत तें बसेना. पडद्यावर तिचें नांव झळकलें तें २०१३ सालीं. ती २००१ मध्येंच वारली होती.

या बाईचा आवडता ध्वनि कशाचा होता म्हणाल, तर कचेरींतल्या दिव्यावरच्या एका जुनाट हिरव्या पत्र्याच्या झांकणाचा. तें वाजवून, आघात वगळून, मागचा झंकार तेवढा घेऊन तिनें सहारा वाळवंटांतील तुआरेग लोकांच्या चित्रपटासाठीं एक रचना केली. 'निळे बुरखे आणि सोनेरी वाळू' असा तिच्या नांवाचा अर्थ आहे. रात्रीं दिवा मालवून ती ऐकावी. पत्र्याच्या तुकड्यांतून वाळवंटाचें ऊन दिसतें.

येथवर वाचकांचें फारसें बिघडलें नसेल. पुढचें प्रकरण जरा अवघड आहे. १९७५ सालीं लंडनमध्यें चौघांनीं मिळून एक वाद्यवृंद काढिला: जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुट्टी, पीटर क्रिस्टोफरसन आणि क्रिस कार्टर. वृंदाचें नांव थ्रॉबिंग ग्रिसल. त्याचा अर्थ या मासिकाच्या पानावर सांगण्याजोगा नाहीं. १९७६ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं लंडनच्या समकालीन कलासंस्थेंत जें प्रदर्शन मांडलें त्याचें नांवही तसेंच. तें पाहून निकोलस फेअरबेर्न नामक एका खासदारानें या मंडळींस संस्कृतीचे विध्वंसक ठरविलें. त्यांनीं आपली स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढून तिला 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' म्हटलें, आणि त्यावरून या साऱ्या पंथास 'औद्योगिक संगीत' हें नांव पडलें. क्रिस कार्टर आपलीं यंत्रें स्वतः जोडून बनवी. कारखान्याच्या इमारतींतील तळघर ही त्यांची शाळा. त्यांच्या संगीतांत रागदारी नाहीं, गोडवा क्वचित्. आहे तो यंत्रांचा घरघराट, तुटक ठोके, आणि त्यांतून रुग्णालयांतल्या सूचनेसारखा येणारा कोरडा माणसाचा आवाज. १९७८ सालच्या त्यांच्या एका रचनेंत एका भयंकर भाजलेल्या स्त्रीविषयीं एका शुश्रूषकानें लिहिलेलें पत्र वाचलें जातें. मागें एक यंत्र मंदपणें विव्हळत असतें. तें ऐकून मला रात्रभर झोंप आली नाहीं, आणि तरीही मी म्हणेन कीं त्यांत अश्लाघ्य असें कांहीं नाहीं. आपण ज्या खोलीचें दार लावून घेतों तें त्यांनीं उघडें ठेविलें, इतकेंच.

चाहता म्हणजे भाट नव्हे. या मंडळींनीं आपल्या संस्थेचें बोधचिन्ह म्हणून आउश्वित्झच्या छळछावणींतील दहनगृहाचें छायाचित्र वापरलें, तें मला आजही पटत नाहीं. ज्या जागीं लाखों माणसें जाळलीं गेलीं ती जागा कोणाच्याही व्यापाराची मुद्रा होऊं नये. तसेंच, आवाज जितका मोठा तितकी कला श्रेष्ठ, ही जी समजूत या पंथांत पसरली तीही मला मान्य नाहीं. त्याचें कारण पुढें सांगतों.

याच सुमारास शेफील्ड या पोलादाच्या गांवीं १९७३ पासून 'कॅबरे व्होल्टेअर' नांवाचे तिघे तरुण फितींचे तुकडे जोडण्याचे प्रयोग करीत होते. जर्मनींत ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवेर्क' मंडळींनीं १९७७ सालीं युरोपांतून धांवणाऱ्या आगगाडीवर एक मोठी रचना केली. ती इतकी नीटस आहे कीं आमच्या घरच्या मुली तिच्यावर ताल धरतात. आणि १९८० सालीं बर्लिनमध्यें एक वृंद निघाला, त्याचें नांव 'आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन', म्हणजे 'कोसळणाऱ्या नव्या इमारती'. त्यांच्या तालवादकानें पैशाच्या अडचणींत आपले ढोल विकले आणि रस्त्यावरचे पत्रे, नळ, स्प्रिंगा गोळा करून वाजविण्यास आरंभ केला. मोठ्या रस्त्याच्या पुलाच्या पोकळींत शिरून त्यांनीं ध्वनिमुद्रण केलें. 'दारिद्र्य हें गुणनाशक' असें आपण ऐकत आलों. येथें त्यानें एक नवें वाद्यच जन्मास घातलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों. माझे थोरले बंधु, ज्यांना आम्हीं सारे दादा म्हणतों, एका कापडगिरणींत सत्तावीस वर्षें हजेरी-कारकून होते. त्यांचें टेबल साचेखात्याच्या कोपऱ्यांत. शेंकडों साचे एका वेळीं चालत. प्रत्येक साच्याचा धोटा मिनिटांत शंभराहून अधिक वेळां इकडून तिकडे आदळे. तेथें कोणी बोलत नसे. ओंठांच्या हालचालीवरून आणि बोटांच्या खुणांवरून सारा व्यवहार. असल्या खात्यांतला आवाज शंभर डेसिबेलच्या घरांत जातो; आठ तासांस पंच्याऐंशींच्या पुढें तो कानास घातक, असें शास्त्र सांगतें. कानाच्या आंतील शंखांत जे सूक्ष्म केंस असतात ते अशा माऱ्यानें गळतात आणि पुन्हां उगवत नाहींत. उंच स्वरांचें ऐकूं येणें प्रथम जातें. कापसाच्या गिरणींत दादांना कानांत घालण्यापुरताही बचाव कोणीं दिला नाहीं. आज त्यांना आ, ओ, म, न ऐकूं येतात; परंतु श, ष, स हे ऊष्म वर्ण, जे उंच कंपनांचे असतात, ते त्यांच्यापुरते भाषेंतून गेले. 'साखर' म्हटलें तर त्यांना 'आखर' ऐकूं येतें. घरांत विष्णुसहस्रनाम चालतें तेव्हां त्यांच्या कानांवर स्वरांची नुसती एक लाट येते. मधले वर्ण ते पाठांतरानें भरून घेतात.

एके दुपारीं माझ्या यंत्राचा लाउडस्पीकर ओटीवरच्या टेबलावर ठेवून मी तें बर्लिनच्या मंडळींचें पत्र्यांचें वादन ऐकत होतों. दादा येऊन बसले. टेबल थरथरतें आहे हें पाहून त्यांनीं त्यावर आपला तळहात ठेविला. थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "एका साच्याचा धोटा अडखळतो आहे." मीं काय आहे तें त्यांना पाटीवर लिहून सांगितलें. त्यांनीं पाटी वाचली, पुसली, आणि शांतपणें म्हणाले, "ज्यानें माझे कान खाल्ले तें तूं आनंदानें ऐकतोस?"

त्या प्रश्नांत राग नव्हता. म्हणूनच तो टाळतां येईना. अनेक दिवस मी त्यावर विचार केला. उत्तरासाठीं मी, संवय म्हणून म्हणा, शास्त्राकडे गेलों. भरतमुनींनीं शृंगार, करुण यांच्या पंगतीला भयानक आणि बीभत्स यांसही बसविलें आहे. लोकांत जें दुःख तें नाट्यांत रस होतें. श्मशान पाहावयास कोणी हौसेनें जात नाहीं, परंतु रंगभूमीवरचें श्मशान पाहून सज्जनांच्या डोळ्यांत पाणी येतें व तें पाणी त्यांना हवेंसें वाटतें. याचें कारण तें दुःख तेथें अमक्या एकाचें राहत नाहीं. तें सर्वांचें होतें. यास साधारणीकरण म्हणतात. माझ्या कानीं पडणारा तो घणघणाट कोणत्याही एका गिरणीचा नाहीं, त्यामुळें मला त्यांत भय, बीभत्स, आणि कधीं कधीं एक उदास भव्यता यांचा आस्वाद घेतां येतो. बाकूच्या भोंग्यांत, कॉव्हेंट्रीच्या मुलीच्या कानांत, बर्लिनच्या पत्र्यांत मनुष्यानें आपल्यावर लादलेला आवाज स्वतःच्या हातीं घेतला, त्याला आरंभ दिला, शेवट दिला. साचेखात्यांतल्या आवाजास शेवट नव्हता. होती ती फक्त पाळीची वेळ.

परंतु त्याच शास्त्रानें दादांचीही बाजू मांडून ठेविली आहे. अभिनवगुप्तांनीं रसास्वादाचीं जीं विघ्नें सांगितलीं त्यांत एक असें आहे कीं, जो स्वतःच्या सुखदुःखांत गुरफटला आहे त्यास रसाचा आस्वाद घेतां येत नाहीं. हा त्याचा दोष नव्हे. ज्याचें घर खरोखर जळालें त्यानें लंकादहनाचा प्रवेश पाहून माना डोलवाव्या अशी अपेक्षा करणें हाच दोष. दादांच्या लेखीं तो आवाज साधारण होऊंच शकत नाहीं. तो त्यांचा, त्यांच्या कानांचा आहे. मीं हें सारें त्यांना पाटीवर, पांच वेळां पुसून, लिहून दाखविलें. त्यांनीं सावकाश वाचलें आणि म्हणाले, "तुझें बरोबर आहे. तूं ऐक. मला पुरे झालें." मग जरा थांबून म्हणाले, "भोंगा मात्र चांगला होता. गिरणी बंद झाली तेव्हां पहाटे तो वाजेना, आणि मला कळेना कीं जाग कशानें आली."

या उत्तरावर मीं तोडगा काढण्याचा प्रयत्न केलेला नाहीं. आमच्या घरांत आतां दोन्ही गोष्टी नांदतात. मी श्रवणयंत्र कानांस लावून ऐकतों, तेंही मंद. ओटीवरचें टेबल थरथरूं देत नाहीं. आवाजाच्या मोठेपणावर माझा जो आक्षेप तो यांतूनच आला. ज्या संगीताचा जन्म कारखान्यांत झाला त्यानें कारखान्यांत ज्यांचे कान गेले त्यांना विसरून नव्या पिढीचेही कान घालवावे, यासारखी कृतघ्नता नाहीं. पुतण्यासही मीं हेंच बजाविलें आहे, आणि तो ऐकतो.

हें सारें परदेशांतील झालें. आपल्या देशाचा यांत कांहीं वांटा आहे कीं नाहीं, असें कोणी विचारील. आहे, आणि तो उपेक्षित राहिला. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ सालीं न्यूयॉर्कला गेल्या असतां त्यांनीं जॉन केज या अमेरिकन संगीतकारास हिंदुस्थानी संगीताचे धडे दिले. चित्त शांत करून दैवी प्रभावास पात्र करणें हा संगीताचा हेतु, हें त्यांच्याकडून ऐकलेलें वचन केज जन्मभर सांगत आला. प्रयोगशील संगीतांत त्याचें नांव केवढें मोठें आहे हें जाणकारांस सांगणें नको. पुढें १९६९ सालीं केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर यानें अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत 'मूग' नांवाचा सिंथेसायझर बसवून दिला, आणि गीताबाईंसह कांहीं भारतीय मंडळींनीं त्यावर रचना केल्या. त्या फिती कित्येक वर्षें तशाच पडून होत्या. २०२३ सालीं त्यांतील निवडक प्रसिद्ध झाल्या. दुसरें उदाहरण मुंबईचें. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं तीन नव्या जपानी यंत्रांवर दहा राग बसविले. त्या वेळीं फारसें कोणीं विचारलें नाहीं. २०१० सालीं ती ध्वनिमुद्रिका पुन्हां निघाली आणि युरोपांतील श्रोते थक्क झाले. सिंग २०१५ सालीं वारले. योगायोग असा कीं त्याच १९८२ सालीं, १८ जानेवारीस, त्याच मुंबईंत गिरणीकामगारांचा तो प्रचंड संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख माणसें बाहेर पडलीं आणि शहराच्या मध्यभागींचे साचे जे थांबले त्यांतले पुष्कळ पुन्हां चालू झाले नाहींत.

शेफील्डच्या तिघांपैकीं क्रिस वॉटसन याची पुढील हकीकत सांगून पुरें करतों. गोंगाटांत वाढलेला हा मनुष्य पुढें पक्ष्यांचे व प्राण्यांचे आवाज मुद्रित करण्याच्या कामांत प्रख्यात झाला. डेव्हिड अॅटनबरो यांच्या निसर्गविषयक चित्रपटांत त्याचें काम ऐकूं येतें. २०११ सालीं त्यानें मेक्सिकोंतील एका आगगाडीच्या प्रवासाची ध्वनिमुद्रिका शेफेरच्या प्रेरणेनें काढिली. ज्या मार्गावर ती गाडी धांवत असे तेथील ती प्रवासी गाडी बंद पडली होती. राहिले ते त्यानें जपलेले आवाज. ज्या कानानें पोलादाचा गोंगाट निरखला त्याच कानास पांखरूंही ऐकूं आलें आणि गेलेली आगगाडीही.

म्हणून वाचकांस माझें मागणें एवढेंच आहे. हें संगीत तुम्हांला आवडलेंच पाहिजे असा माझा हट्ट नाहीं. परंतु आपल्या बहुतेक घरांतून कोणी तरी मामा, काका, आजोबा गिरणींत, छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत आयुष्य घालवून घरीं बसलेले आहेत. त्यांच्या कामाच्या जागीं काय वाजत असे हें त्यांना एकदां विचारा. कोणता आवाज आला म्हणजे यंत्र बिघडलें असें कळे, कोणत्या आवाजानें पाळी सुटे, कोणता आवाज अजून झोंपेंत येतो, हें लिहून घ्या. मीं दादांकडून वहीचीं अकरा पानें लिहून घेतलीं आहेत. बाराव्या पानावर त्यांना त्रासनखात्याविषयीं सांगावयाचें आहे, असें ते काल म्हणत होते.